हॅगस्ट्रॉम जिमी: हिवाळ्यात बिघडलेल्या एका गिटारचं प्रकरण

गिटार ऑगस्टमध्ये विकत घेतली तेव्हा ठणठणीत होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती तपासणीसाठी टेबलावर आली, तेव्हा तक्रारींची यादी सहा ओळींची झाली होती. तिसरी तार वरच्या फ्रेटांवर (गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) सुराच्या वर चढत होती. सहाव्या तारेवर चौथा फ्रेट दाबला की अंगात कुठेतरी पत्रा हलल्यासारखी झणझण यायची. अँप जरा वाढवला की गिटार घुमायला लागायची. तारांवर हात ठेवला तरी घरघर कमी होत नव्हती. आणि नेककडचा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) मधूनच गप्प व्हायचा. शिवाय नेकवरून हात फिरवताना फ्रेटांची टोकं बोचत होती.

गिटार स्वीडिश हॅगस्ट्रॉम कंपनीची 'जिमी', १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. एफ-होल (f आकाराची भोकं) असलेलं पूर्ण पोकळ अंग, एका बाजूला कट आणि दोन हंबकर (दुहेरी वेटोळ्यांचे) पिकअप. मालक गोथेनबर्गमध्ये तिघांच्या जॅझ संचात वाजवतात. तपासणीला आणण्याआधी त्यांना तीन सल्ले मिळाले होते: पिकअप बदला, ट्रस रॉड (नेकचा वाक सांभाळणारी आतली सळई) पिळा, आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) सरकतो म्हणून तो दोन खिळ्यांनी तबलीत, म्हणजे अंगाच्या वरच्या लाकडी फळीत, कायमचा अडकवा. या तिन्हींतलं काहीही करावं लागलं नाही. आधी काय तपासायचं आणि नंतर काय, एवढ्याच गोष्टीवर हे प्रकरण सुटलं, म्हणून ते क्रमानेच मांडतो आहोत.

ही गिटार नेमकी कोणती

हॅगस्ट्रॉमचं गाव एल्व्हडालेन, स्वीडनच्या डालार्ना प्रांतातलं. आल्बिन हॅगस्ट्रॉम यांनी १९२०च्या दशकात तिथे अकॉर्डियनचा व्यापार सुरू केला आणि पुढे कारखाना काढला. इलेक्ट्रिक गिटारी १९५८ पासून निघू लागल्या. पहिल्या गिटारींवर अकॉर्डियनसारखंच चमचमतं प्लास्टिक चढवलेलं असायचं, कारण ते काम कारागिरांच्या हातात बसलेलं होतं. 'जिमी' हे नाव न्यूयॉर्कचे गिटारकार जेम्स 'जिमी' डिॲक्विस्टो यांचं. जॉन डिअँजेलिको यांच्या हाताखाली तयार झालेले डिॲक्विस्टो आर्चटॉप, म्हणजे फुगीर तबलीच्या, गिटारींमधलं मोठं नाव होते, आणि हॅगस्ट्रॉमने त्यांच्याकडून या गिटारचा आराखडा करून घेतला. १९६९मध्ये पहिली खेप निघाली, मग खंड पडला, आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा निघू लागली. १९८३मध्ये स्वीडनमधलं उत्पादनच थांबलं.

जुनी जिमी घेणाऱ्याने दोन घोटाळे टाळावेत. 'व्हायकिंग' हे त्याच कंपनीचं वेगळं मॉडेल आहे, त्याला दोन्ही बाजूंना कट असतो. एल्विस प्रेस्लीने १९६८च्या टीव्ही कार्यक्रमात हातात घेतलेली लाल गिटार ती, जिमी नव्हे. दुसरं म्हणजे २००४ नंतर हॅगस्ट्रॉम नाव परत आलं आणि चीनमध्ये बनलेल्या गिटारींवर जिमी हे नावही दिसू लागलं. त्या गिटारी वाईट नाहीत, पण जुन्या स्वीडिश गिटारची किंमत त्यांना मोजू नये.

दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की डिॲक्विस्टो स्वतःच्या गिटारींची तबली अखंड स्प्रूस लाकडातून कोरत; जिमीची तबली मात्र पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून वाक दिलेली आहे. अशी तबली हवेतल्या ओलाव्याने कमी हलते आणि सहसा चिरत नाही. म्हणून लोक समजतात की प्लायच्या गिटारला हिवाळा बाधत नाही. नेक, फिंगरबोर्ड, आतल्या पट्ट्या आणि ब्रिजचा लाकडी तळ अखंड लाकडाचेच असतात, हे या समजुतीत सुटून जातं.

ऑगस्ट ते फेब्रुवारी काय बदललं

मालकांशी बोलताना तीन बदल कळले, आणि तिन्ही त्यांच्या लेखी किरकोळ होते.

पहिला, तारा. गिटार आली तेव्हा तिच्यावर ०१२ ते ०५२ जाडीच्या (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत) फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी तार गुंडाळून गुळगुळीत केलेल्या, तारा होत्या, तिसरी तार गुंडाळलेली. बोटांना जड जातात म्हणून ऑक्टोबरमध्ये ०१०-०४६ चा संच चढवला, त्यात तिसरी तार साधी, नुसती पोलादाची. सहाही तारा एकदम काढल्या. या गिटारवर ब्रिज (यापुढे त्याला घोडीच म्हणू) तबलीला चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. तो निघून हातात आला आणि अंदाजाने परत ठेवला गेला.

दुसरा, उंची. हलक्या तारा फ्रेटवर वाजायला लागल्या, म्हणून घोडीच्या दातेरी चकत्या फिरवून ती दीड मिमी वर घेतली. आता चकत्या आट्यांच्या टोकाशी पोहोचल्या होत्या, आणि तारा सुरात आणताना हळूहळू घोडी नेकच्या दिशेने कलली होती.

तिसरा बदल कुणी केलेला नव्हता. बाहेर शून्य अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण ४.४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की ती १८.३ ग्रॅम पाणी धरू शकते. ४.४ भागिले १८.३, म्हणजे २४ टक्के. मालकांच्या घरातल्या मापकावर २३ दिसत होतं. बाहेर धुकं आणि पाऊस असूनही घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, ती अशी.

पहिले दोन आठवडे: हात न लावणं

कोरड्या गिटारवर मोजमाप घेऊन दुरुस्ती केली की ती दुरुस्ती उन्हाळ्यात चुकीची ठरते. म्हणून आधी फक्त नोंद घेतली. पहिला आणि नेक जिथे अंगाला मिळतो तिथला फ्रेट दाबून, मधोमध सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजली: ०.०५ मिमी. जवळजवळ सरळ रेषा. हलक्या तारा आणि इतका सरळ नेक, म्हणजे तारा फ्रेटला घासणारच. याच मापावर बोट ठेवून कुणी ट्रस रॉड सैल करायला घेतला असता, आणि मे महिन्यात नेक धनुष्यासारखा वाकला असता.

मग गिटार केसमध्ये ठेवली आणि आत ४९ टक्क्यांची दोन ओलावा-पाकिटं टाकली, एक नेकच्या डोक्याखाली आणि एक अंगाजवळ. सोबत छोटा आर्द्रतामापक. मापक खरं सांगतो का, हे आधी तपासून घ्यावं: बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ, त्यात पाण्याचे काही थेंब, मीठ विरघळून जाता कामा नये, फक्त ओल्या वाळूसारखं व्हावं. झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसले पाहिजेत. या मापकाने ७१ दाखवले, म्हणून त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवून वाचलं. स्वस्त मापकांत एवढा फरक नेहमीचा.

चौदा दिवसांनी केसमधली आर्द्रता ४६ वर स्थिरावली. नेकची फट ०.१२ मिमी झाली. फ्रेटची टोकं बोचायची थांबली. ती बाहेर आलेली नव्हतीच, फिंगरबोर्डचं लाकूड आकसून आत गेलं होतं. कानस लागली नाही. यादीतली एक तक्रार आपोआप गेली, हे कामाची सुरुवात म्हणून चांगलं झालं.

घोडीचा तळ

आता मुख्य काम. तारा उतरवण्याआधी घोडीच्या चारही कोपऱ्यांशी तबलीवर रंगकामाच्या निळ्या कागदी पट्टीचे तुकडे लावून जागेची खूण केली. मग नटपासून (नेकच्या डोक्याशी तारा जिच्यावर टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजलं: ३१४ मिमी. बाराव्या फ्रेटपासून पहिल्या तारेच्या टेकूपर्यंतचं (घोडीवर तार टेकते तिथपर्यंतचं) अंतर ३१४ पेक्षा थोडं जास्तच हवं, साधारण एक ते दीड मिमी जास्त. जाड तारेला त्याहूनही अधिक. इथे पहिल्या तारेला ते ३१४ सुद्धा नव्हतं. घोडी दीड मिमी नेककडे बसवली गेली होती.

हिशोब सोपा आहे. तारेची लांबी ६२८ मिमी असताना घोडी १ मिमी सरकली की बाराव्या फ्रेटवरच्या सुरात सुमारे पावणेतीन सेंटांचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. दीड मिमीला चार सेंट. पहिली तार बरोबर चारच सेंट वर होती. तिसरी मात्र अकरा सेंट वर होती. उरलेले सात कुठून आले, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

घोडी तबलीवर नीट टेकते का, हे बघायला सिगरेटचा कागद घेतला. तारा ताणलेल्या असताना तो घोडीच्या पायाखाली कुठेही शिरता कामा नये. पातळ तारांच्या बाजूला तो पायाच्या जवळपास एक तृतीयांश लांबीपर्यंत आत गेला. घोडी मूळ कारखान्यातली नव्हती. आधीच्या कुणीतरी दुसऱ्या गिटारची, शिसवी तळाची घोडी आणून बसवली होती, आणि तिच्या पायांचा वाक या तबलीशी जुळत नव्हता. जड तारांनी तो फरक दाबून टाकला होता.

किती दाबून? घोडीवरून टेलपीसकडे (तारांची मागची टोकं अडकवायची पट्टी) जाताना तारा इथे साधारण १२ अंश वळतात. त्या कोनाला तारांच्या एकूण ओढीचा जवळपास पाचवा हिस्सा खाली दाब होतो. ०१०च्या संचाची ओढ या लांबीला सुमारे ४४ किलो, म्हणजे घोडीवर ९ किलो. ०११च्या गुंडाळलेल्या संचाची साधारण ५५ किलो, म्हणजे ११ किलोंच्या पुढे, आणि ०१२ची त्याहूनही जास्त. तारा हलक्या केल्या तेव्हा घोडीचा जो पाय अधांतरी होता, तो थरथरायला मोकळा झाला.

मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा वरचा पृष्ठभाग तासून तारेचा स्पर्श जमवतो. आर्चटॉपमध्ये तेवढीच निगुतीची कारागिरी घोडीच्या खालच्या बाजूला लागते, आणि तिथे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती बाजू दिसतच नाही.

पद्धत अशी. घोडीच्या जागेभोवती तबलीवर कागदी पट्टीचे दोन थर लावून पॉलिश झाकलं. त्यावर घोडीच्या जागी १२० नंबरच्या सँडपेपरचा तुकडा, खरखरीत बाजू वर, कडेने पट्टीने घट्ट ताणून. सुरकुती राहिली तर तीच घोडीच्या पायात उमटते. चकत्या आणि वरचा टेकू काढून नुसता तळ हातात घ्यायचा, खालची बाजू शिसपेन्सिलीने काळी करायची, आणि तारांच्याच दिशेने, १५ ते २० मिमीच्या छोट्या फेऱ्यांत घासायचा. तळ डुलला की पायाची कड गोल होते, म्हणून बोटं जितकी खाली धरता येतील तितकी खाली. दहा फेऱ्यांनी उचलून बघायचं. काळेपणा राहिलेली जागा म्हणजे अजून न टेकलेली जागा. इथे साधारण ०.४ मिमी लाकूड गेलं. मग २४० आणि शेवटी ३२०चा कागद.

आणि तरीही पहिल्या प्रयत्नात काम फसलं. टेबलावर तळ नीट बसला, तारा चढवल्या आणि पातळ बाजूच्या टोकाखाली कागद पुन्हा शिरला. कारण असं की तारांचा भार चकत्यांच्या दोन खुंटांवरून खाली येतो, तळ त्या दोन जागी दबतो आणि टोकं किंचित उचलली जातात. भार नसताना जुळवलेला तळ भाराखाली जुळत नाही. दुसऱ्या वेळी घासताना दोन्ही अंगठे नेमके खुंटांच्या जागी ठेवून दाब दिला. आणखी पाच मिनिटांचं काम. यानंतर कागद कुठेही शिरला नाही.

तिसरी तार

उरलेले सात सेंट. लाकडी टेकूच्या माथ्यावर तारांसाठी पायऱ्या कोरलेल्या असतात, कारण प्रत्येक तारेला थोडी वेगळी लांबी लागते. या टेकूवर सहावीपासून तिसरीपर्यंत रेष हळूहळू पुढे येत होती आणि दुसऱ्या तारेपाशी एकदम मागे उडी होती. ही गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेची खूण. तिसरी साधी असेल तर ती उडी तिसऱ्या तारेपाशीच हवी. साध्या ०१७ तारेला इथे साधारण अडीच मिमी जास्त लांबी लागली असती, म्हणजे पावणेतीन गुणिले अडीच, जवळपास सात सेंट. हिशोब पुरा जुळला. पिकअप, नेक, फ्रेट, कशाचाच यात दोष नव्हता. घोडी एका प्रकारच्या तारेसाठी कोरलेली आणि तिच्यावर दुसऱ्या प्रकारची तार चढवलेली.

यावर दोन उपाय. नवा टेकू, किंवा योग्य तार. मालकांना बोटांची तक्रार होती, म्हणून ०१२ऐवजी ०११ ते ०५०चा फ्लॅटवाउंड संच निवडला, तिसरी गुंडाळलेली. आमचं मत स्पष्ट आहे: या जातीच्या गिटारवर साधी तिसरी तार लावूच नये, सूर तर बिघडतोच, पण तिसऱ्या तारेचा आवाज शेजारच्या चौथीपेक्षा उगाच तेजाळ आणि मोठा येतो, स्वरसंघात ती एकटी पुढे घुसते.

जाड तारा नटच्या खाचांत अडकतात का हेही बघितलं. सूर लावताना 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. चौथीच्या खाचेत ते होत होतं. खाच तारेपेक्षा ०.०५ मिमी रुंद होईल एवढीच, तळाला हात न लावता, नुसत्या बाजू घासल्या आणि पेन्सिलीचं शिसं घातलं.

तारा चढवून सुरात आणल्यावर एक रात्र जाऊ दिली. सकाळी नेकची फट ०.२० मिमी. हव्या त्या ०.१५ ते ०.२५च्या मधोमध. ओलाव्याने आणि योग्य ओढीने नेक आपला आपण जागेवर आला, ट्रस रॉडचं झाकणही उघडलं नाही. हॅगस्ट्रॉमच्या नेकमध्ये 'एच-एक्स्पांडर' नावाचा, एच आकाराच्या छेदाचा रॉड असतो, आणि त्याच्याच जोरावर कंपनी इतके बारीक नेक करू शकली. पन्नास वर्षं न हललेला असा रॉड फिरवावा लागलाच, तर डोक्याकडून, अचूक बसणाऱ्या चावीने, एका वेळी अष्टमांश फेरा, आणि मध्ये एक दिवस. चावी जरा जरी सैल बसली तरी तिथेच थांबायचं. रॉडचं तोंड झिजलं की पुढचा उपाय फिंगरबोर्ड उचलण्याचा असतो.

बाराव्या फ्रेटवर उंची: सहाव्या तारेला २.० मिमी, पहिलीला १.६. चकत्या आता आट्यांच्या मध्यावर आल्या. घोडी सरळ उभी केली, नेककडचा कल काढला. मग तारा अर्धा स्वर उतरवून, घोडी दोन्ही हातांनी तळाशी धरून कणाकणाने सरकवत आधी पहिली आणि सहावी तार जुळवली. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर सारखे आले पाहिजेत. मधल्या चार तारा टेकूच्या पायऱ्या सांभाळतात. शेवटचं वाचन: पहिली ०, दुसरी +१, तिसरी +१, चौथी ०, पाचवी −१, सहावी ०.

खिळ्यांचा सल्ला का नाकारला हे आता वेगळं सांगायला नको. नीट टेकलेली घोडी ११ किलो दाबाखाली सरकत नाही. तबलीला भोक पाडलं की ते गिटार असेपर्यंत राहतं, आणि तारांचा संच बदलला की घोडी हलवायची सोयही जाते. दुतर्फा चिकटपट्टीही नको. ती जुन्या पॉलिशला घेऊन निघते.

झणझण शोधणं

घोडी बसल्यावर झणझण निम्मी झाली, संपली नाही. सहाव्या तारेचा चौथा फ्रेट म्हणजे सुमारे १०४ हर्ट्झ. मोबाइलवर स्वरजनकाचं ॲप घेऊन, गिटारच्या समोर हातभर अंतरावर स्पीकर ठेवून, तारांवर कापड दाबून ८० ते ४०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवला. १०४च्या आसपास गिटार स्वतःहून बोलू लागली. अशा वेळी एकेका भागावर बोट टेकवत जायचं: टेलपीसची बिजागरी, पिकअपची चौकट, खुंट्यांचे स्क्रू, डोक्यावरचं झाकण, पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांच्या) चकत्या. बिजागरीवर बोट ठेवताच अर्धा आवाज गेला. तिच्या सांध्यात चामड्याची पातळ चिंधी सरकवली. उरलेला आवाज कुठल्याच बाहेरच्या भागाचा नव्हता. एफ-होलमधून आरसा आणि छोटा टॉर्च घालून पाहिलं, तर स्विचकडे जाणारी वायर तबलीच्या आतल्या बाजूला लागून होती. तिच्यावर फोमचं नळकांडं चढवलं.

वायरिंग: एफ-होलमधून

पोकळ गिटारची वायरिंग उघडायला मागे झाकण नसतं. सगळं एफ-होलमधून काढायचं आणि तिथूनच परत घालायचं. आत ढकलण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्यावर मत्स्यालयात वापरतात तसली सिलिकॉनची बारीक नळी घट्ट चढवावी आणि तिचं दुसरं टोक भोकाबाहेर ठेवावं. परत आणताना नळी ओढली की दांडा आपोआप भोकात येतो. ही तयारी न करता पॉट आत ढकलला, तर तो परत बाहेर काढण्यात दुपार जाते.

पण त्याआधी, न उघडता जेवढं कळतं तेवढं कळून घ्यावं. मल्टीमीटरचं एक टोक टेलपीसला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला. एक ओहमपेक्षा कमी यायला हवं होतं, मीटरने काहीच जोड दाखवला नाही. टेलपीसखाली, बुडाच्या खुंटीजवळच्या भोकातून येणारी अर्थिंगची वायर गंजून टेलपीसशी संपर्क सोडून बसली होती. घरघरीचं मूळ इथे. टेलपीसचा स्क्रू काढून वायरचं टोक ५ मिमी ताजं सोललं, पत्र्याची आतली बाजू घासून चमकवली, स्क्रू परत आवळला. मीटरवर ०.३ ओहम. डाखही द्यावा लागला नाही.

केबल लावून, दोन्ही पॉट पूर्ण उघडे ठेवून, एकेक पिकअप निवडून रोध मोजला. दोन्ही ७ ते ९ किलोओमच्या पट्ट्यात आणि आकडा स्थिर, म्हणजे आतली तार तुटलेली नाही. मात्र स्विच नेककडच्या पिकअपवर असताना हलवला की आकडा उडत होता. दोष स्विचच्या पात्यांचा. स्विच काढून, पात्यांच्या मध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरने भिजवलेली कागदाची पट्टी धरून पाती दाबायची आणि पट्टी ओढायची; चार-पाच वेळा, काळेपणा येणं बंद होईपर्यंत. सँडपेपर लावू नये, पात्यांवरचा मुलामा जातो. पॉटमध्ये क्लीनरचा एक फवारा आणि तीस वेळा इकडून तिकडे. जुने पॉट, जुने कॅपॅसिटर तसेच ठेवले. चालू असलेला मूळ भाग बदलण्यात गिटारचा काही फायदा नाही, तिची किंमत मात्र उतरते.

घुमणं

घुमण्याला, म्हणजे फीडबॅकला, दोन जाती असतात आणि उपाय वेगळे असतात, म्हणून आधी जात ओळखावी. कर्कश शिट्टी, तारा हाताने दाबल्या तरी न थांबणारी, ती पिकअपच्या आत सैल झालेल्या तारेची. तिला मेणात बुडवण्याचा इलाज असतो. खालच्या सुरातलं घुमणं, ठरावीक सुरालाच येणारं, तबलीवर तळहात ठेवताच ओसरणारं, ते अंगाचं. इथे दुसरी जात होती. पिकअप बदलण्याचा सल्ला इथेच चुकला.

पोकळ गिटार घुमणारच, तिचा आवाजही त्याच पोकळीतून येतो. ते घुमणं वाजवण्याच्या पातळीच्या वर ढकलायचं, एवढंच काम असतं. अँप पाठीमागे सरळ रेषेत होता. तो दोन मीटर लांब, बाजूला काटकोनात आणि जमिनीवरून खुर्चीवर घेतला. लाकडी मंचावर ठेवलेला अँप मंचालाच तबली करतो, त्यामुळे खुर्चीने सगळ्यात जास्त फरक पडला. प्रीअँपच्या पॅरामेट्रिक इक्वलायझरवर (हवा तो सूरपट्टा निवडून कमी-जास्त करायची सोय) १०४ हर्ट्झला अरुंद पट्टीत ४ डेसिबल कमी केले. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या मोकळ्या तारांत फेल्टची पट्टी विणली. मोठ्या कार्यक्रमासाठी ६ मिमी जाडीच्या काळ्या फोमचे दोन तुकडे एफ-होलच्या आकाराहून २ मिमी मोठे कापून दिले. ते नुसते दाबून बसतात, चिकटवायचे नाहीत. घरी वाजवताना काढून ठेवावेत, नाहीतर न जोडता वाजवल्यावरचा आवाज दबतो.

पिकअपची उंची शेवटी: शेवटचा फ्रेट दाबून जाड बाजूला ३ मिमी, पातळ बाजूला २.५. फ्लॅटवाउंड तारांच्या जाड बाजूने पिकअप जवळ आणला की खालचे सूर गढूळ होतात.

पुढचे महिने

मालकांना दोन नियम दिले. तारा एकेक करून बदलायच्या, पाच ताणलेल्या असताना सहावी काढायची, म्हणजे घोडी हलत नाही. आणि नोव्हेंबर ते एप्रिल गिटार भिंतीवर टांगायची नाही, केसमध्ये ठेवायची; पाकिटं कडक लागली की बदलायची.

मुंबई, गोवा, कोकणात अशी गिटार असेल तर बाजू उलटते. जुलैत ८५-९० टक्क्यांच्या हवेत ओलावा-पाकिटं पाणी शोषून फुगतात आणि लवकर निकामी होतात. तिथे केसमध्ये सिलिका जेल, दर दोन-तीन आठवड्यांनी वाळवून, आणि वाजवून झाल्यावर टेलपीसची बिजागरी, खुंट्या आणि पिकअपचे स्क्रू कोरड्या कापडाने पुसणं जास्त महत्त्वाचं. नेक तिथेही मोजूनच ठरवावा, कॅलेंडर बघून रॉड फिरवू नये.

या गिटारची फेरतपासणी ऑगस्टमध्ये झाली. घरातली आर्द्रता ५६ टक्के, नेकची फट ०.२६ मिमी, तिसरी तार +२ सेंट. जाड बाजूची चकती पाव फेरा खाली घेतली. घोडीखाली सिगरेटचा कागद शिरला नाही.